डेटनच्या तळघरातली 36 मिनिटं

गायडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकन रॉक बँडच्या ‘बी थाउजंड’ अल्बमचं पहिलंच गाणं, ‘हार्डकोर यूएफओज’, चालू असताना मध्येच एक गिटार नाहीशी होते. थोड्या वेळानं परत येते. टेपवर काहीतरी घोळ झाला होता आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. मी पुण्यात रेकॉर्डिस्ट आहे. जाहिरातींचे व्हॉइसओव्हर, डबिंग, अधूनमधून अभंगांचा अल्बम, असं माझं काम चालतं. आमच्याकडे असा टेक आला तर हेडफोन काढायच्या आधीच “परत घेऊया” म्हणून मोकळे होऊ. पण या गाण्यात ती रिकामी जागा मला हवीच असते. गिटार गेली की सगळा भार गायक रॉबर्ट पोलार्डच्या गळ्यावर येतो, आणि तो गळा जराही डगमगत नाही.

ही सीडी माझ्या मावसभावानं आणली. तो ओहायोतल्या डेटन गावी, राइट स्टेट विद्यापीठात एम.एस. करत होता. मी तेव्हा साउंड शिकत होते, सिग्नल किती स्वच्छ येतो याचंच वेड होतं. “आवाज ऐकून वैतागू नकोस, पाचव्या गाण्यापर्यंत थांब,” एवढंच म्हणाला. मी थांबले. पोलार्ड त्याच विद्यापीठातला, तिथला बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. एका सामन्यात त्यानं समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नव्हती. पुढे तो डेटनमध्येच शाळामास्तर झाला. चौथीच्या मुलांना शिकवायचा. 14 वर्षं त्यानं ही नोकरी केली आणि बँडचं सगळं काम संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, मित्र मोकळे असतील तेव्हा.

हे लक्षात घेतल्याशिवाय अल्बम कळत नाही, असं मला ठाम वाटतं. 1986 मध्ये त्यांची पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, निघाली, तीही रीतसर स्टुडिओत जाऊन केलेली. त्यानंतर जवळजवळ दर वर्षी एक रेकॉर्ड ते स्वतःच्या पैशानं, कर्ज काढून काढत राहिले. थोड्याच प्रती छापायच्या, त्यातल्याही बऱ्याच घरातच पडून राहायच्या. कार्यक्रमही फारसे होत नव्हते. पोलार्डला बायको, दोन मुलं, डोक्यावर देणं. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं, आता पुरे. मग 1992 मध्ये ‘प्रोपेलर’ हा शेवटचा म्हणून करायचा ठरला. पैसे संपले होते, छापील कव्हर परवडणार नव्हतं. म्हणून 500 प्रती काढल्या आणि प्रत्येकीचं कव्हर बँडनं आणि मित्रमंडळींनी हातानं केलं. कुणी रंगवलं, कुणी कागद चिकटवले, एकासारखं दुसरं नाही. त्या प्रती आज हजारो डॉलरना विकल्या जातात.

त्या रेकॉर्डच्या सुरुवातीला गर्दी बँडच्या नावाचा गजर करताना ऐकू येते. गर्दी कुठली? हेच चारपाच मित्र ओरडले आणि वर एको चढवला. ज्यांच्यासमोर प्रेक्षक उभेच राहिले नव्हते, त्यांनी निरोपाच्या रेकॉर्डसाठी स्वतःचे प्रेक्षक तयार केले. मला या सगळ्या कथेतली ही सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

तो निरोप ठरला नाही. क्लीव्हलंडमध्ये स्कॅट नावाचं छोटं लेबल चालवणाऱ्या रॉबर्ट ग्रिफिनच्या कानावर ‘प्रोपेलर’ पडला आणि त्यानं त्यांना करारबद्ध केलं. 1993 मध्ये ‘व्हॅम्पायर ऑन टायटस’ आला, त्याच वर्षी बँड न्यूयॉर्कला सीबीजीबी क्लबमध्ये वाजवून आला. आणि जून 1994 मध्ये ‘बी थाउजंड’. वीस गाणी, साधारण 36 मिनिटं. पोलार्ड तेव्हा छत्तिशीत होता.

आता हे ज्यावर रेकॉर्ड झालं त्या चार ट्रॅकच्या यंत्राबद्दल, कारण इथे माझा जीव अडकतो. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे, म्हणजे ट्रॅक, असतात. एका बाजूचे दोन, उलटवली की दुसरे दोन. पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र 1979 मध्ये टास्कम कंपनीनं आणलं. त्यानं हे चारही पट्टे एकाच दिशेला वापरायला दिले, वर छोटा मिक्सर जोडला. म्हणजे ड्रम्स एकावर, गिटार दुसऱ्यावर, बेस तिसऱ्यावर, गाणं चौथ्यावर. पाचवं काही हवं असेल तर चौथा रिकामा ठेवून तीन ट्रॅक मिसळून त्यावर उतरवायचे, याला बाउन्स म्हणतात. मग आधीचे तीन पुसून त्यावर नवं घ्यायचं. पण एकदा बाउन्स केलं की परत फिरणं नाही. ड्रम्स जास्त झाले? झाले. गिटार दबली? दबलीच. शिवाय प्रत्येक बाउन्सला फितीची सळसळ वाढत जाते आणि वरचे स्वर बोथट होतात.

म्हणून या अल्बममधले ड्रम्स शेजारच्या घरात कुणी पत्र्याच्या डब्यावर ताल धरावा तसे येतात. आणि म्हणूनच चाल इतकी पुढे येते. ज्या फितीवर झांजेचा तपशील मावत नाही, खर्जाची खोली मावत नाही, तिथे गाण्याला आधार म्हणून फक्त सूर आणि गायकाची खात्री उरते. ‘एकोज मायरन’ ऐका. साठच्या दशकातल्या इंग्लिश पॉपवर वाढलेल्या माणसाची ती चाल आहे, दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा आपण सोबत गायला लागतो. ‘आय अॅम अ सायंटिस्ट’ची गिटार तर शिकाऊ पोरालाही एका संध्याकाळी जमेल इतकी सोपी आहे. तिच्यावर पोलार्ड जे गातो ते मात्र एका प्रौढ, जबाबदार माणसानं स्वतःला तपासायला बसणं आहे. मला ते दर वेळी हलवून जातं.

बँडमधला दुसरा गायक-गिटारिस्ट टोबिन स्प्राउट याचं नाव यात मागे पडतं, ते पडू नये. तो चित्रकारही आहे आणि पुष्कळसं रेकॉर्डिंग त्याच्या देखरेखीखाली झालं. ‘ऑफुल ब्लिस’ आणि ‘एस्टर्स डे’मधला मऊ, किंचित घाबरलेला आवाज त्याचा. पोलार्ड स्टेडियमला उद्देशून गातो, स्प्राउट खोलीत बसलेल्या एकाच माणसाला. हे दोन आवाज आलटून पालटून येतात म्हणून वीस गाणी कधी एकसुरी होत नाहीत.

गाण्यांच्या नावांना लोक निरर्थक म्हणतात. मला तसं वाटत नाही. डेटन हे राइट बंधूंचं गाव. शेजारी राइट-पॅटरसन हवाई तळ, जिथून अमेरिकी हवाई दल 1969 पर्यंत उडत्या तबकड्यांच्या तक्रारी तपासत होतं. अशा गावात वाढलेल्या माणसाच्या गाण्यात यूएफओ आले, अल्बम ‘यू आर नॉट अॅन एअरप्लेन’वर संपला, तर यात नवल काय? आणि ‘गोल्ड स्टार फॉर रोबॉट बॉय’ म्हटलं की मला शाबासकीचा सोनेरी तारा मिळावा म्हणून धडपडणारी चौथीची मुलंच दिसतात.

पण या अल्बमचं खरं काम माझ्या मते निवडीत आहे. पोलार्डकडे गाण्यांचा ढीग होता, काही ताजी, काही वर्षानुवर्षं कॅसेटांवर पडलेली. अल्बमचा क्रम कितीदा तरी बदलला, गाणी आत आली, बाहेर गेली. एखादं गाणं मिनिटभरात जे सांगायचं ते सांगून संपत असेल तर ते तिथेच संपवलं, दुसरा अंतरा ओढूनताणून लिहिला नाही. ‘किकर ऑफ एल्व्ह्ज’ जेमतेम एका मिनिटाचं आहे आणि त्यात काहीही कमी नाही. 

माझ्याकडे अलीकडे मुलं येतात, चांगली गाणी असतात त्यांची, आणि शेवटी म्हणतात, “ताई, जरा लो-फाय करून द्या ना.” म्हणजे स्वच्छ रेकॉर्ड झालेल्या गाण्यावर प्लगइननं फितीची सळसळ घालायची, वरचे स्वर कापायचे. मी करून देते, त्यांचं गाणं आहे. पण आधी त्यांना बसवून ‘स्मदर्ड इन हग्ज’ ऐकवते. ती सळसळ या बँडनं मुद्दाम आणलेली नव्हती. हाताशी असलेल्या चार ट्रॅकवर, सकाळी शाळेत जायच्या आत गाणं पकडायचं होतं म्हणून ती आली. त्यातून उचलायचंच असेल तर तो वेग उचलावा, भरमसाट लिहायची सवय उचलावी आणि निर्दयपणे गाळायचं धाडस उचलावं.

अल्बम आल्यावर 1994 मध्येच पोलार्डनं नोकरी सोडली. डेटनच्याच किम डीलच्या ब्रीडर्स बँडनं त्यांचं एक गाणं रेकॉर्ड केलं. मॅटाडोर लेबलनं त्यांना घेतलं, 1995 च्या ‘एलियन लेन्स’मध्ये 28 गाणी आली, आणि तीही पुन्हा घरीच केलेली. 2002 मध्ये स्ट्रोक्स या रॉक बँडनं आपल्या ‘समडे’च्या व्हिडिओत त्यांना सोबत घेतलं. तोवर नव्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी घरचा कॅसेट रेकॉर्डर पुरेसा आहे असं मानून सुरुवात केली होती. बँड 2004 च्या अखेरीस थांबला, 2010 मध्ये जुने गडी परत एकत्र आले, नंतर माणसं बदलली. पोलार्ड मात्र अजून लिहितोच आहे. त्याची गाणी दोन हजारांच्या वर गेली आहेत, बँडचे अल्बम चाळिसाच्या वर. त्यातलं सगळं काही मी ऐकलेलं नाही, आणि जे ऐकलं त्यातलं सगळं सारख्या तोलाचंही नाही. ‘बी थाउजंड’ इतकं गच्च त्यानं पुन्हा काही केलं नाही, असं माझं मत.

नव्यानं ऐकणाऱ्यांना एवढंच सांगेन की शफल बंद करा आणि सलग ऐका. क्रमासाठी जी झटापट झाली ती कशासाठी होती हे पाहायचं असेल तर स्कॅटनं 2004 मध्ये काढलेला ‘डायरेक्टर्स कट’ मिळवा. त्यात आधीचे क्रम आणि गाळलेली गाणी आहेत. मूळ वीस पाठ झाल्यावर ती ऐका. गाळलेलं गाणं का गाळलं असेल हे ओळखत बसणं, निदान मला तरी, नव्या गाण्याइतकंच आवडतं.