सुपाएवढे

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. गोष्ट एवढीशी आहे. ह्याला सांगितली तर "हॅ, त्यात काय!" म्हणाला आणि कूस बदलून झोपलाही.

पुस्तक मीच आणलं. शोधून, चार जणींना विचारून. मोठ्या कानांचा उंदीर. सगळे हसतात, तो कान टोपीत कोंबतो, मग एका रात्री मांजराची चाहूल त्याला एकट्यालाच लागते, सगळे वाचतात आणि टाळ्या पिटतात. चित्रं सुरेख आहेत. जलरंगातली. कानांच्या कडा गुलाबी, आतल्या बारीक शिरासुद्धा दिसतात. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले. कुणी काही बोलायच्या आत लेकीची तयारी करून घ्यावी, हा माझा हिशेब. गोवराची लस टोचतात तसं.

आज वाचलं. शेवटचं पान मिटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग हात वर गेला. उजवा कान चिमटीत धरून वरच्या कडेपासून पाळीपर्यंत चाचपत खाली आली, आत्ताच कुणीतरी आणून चिकटवलाय असा.

"आई, माझे कान मोठे आहेत?"

पाच वर्षं ते कान तिच्या डोक्याला आहेत आणि आज रात्री साडेनऊपर्यंत ते नुसते कान होते.

मी म्हणाले, "थोडेसे." थोडेसे! खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं माणसाने.

"मग मला काय ऐकू येतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. "झोप आता," म्हणाले. ती म्हणाली, ती झोपणार नाही, मांजराची वाट बघणार.

शाळेत कुणी काही म्हणालं नव्हतं. बसमध्ये नाही, सोसायटीत नाही. पहिली मी. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच असावं, पुठ्ठाबांधणीतलं.

माझे कान आहेत ते. दुसऱ्या कुणाचे असणार? पाचवीपर्यंत आई दोन्ही वेण्या कानांवरून घालायची. "असं बरं दिसतं," एवढंच म्हणायची, जास्त कधी काही नाही. आणि शाळेत ते सुपाएवढे म्हणणारे... जाऊ दे. अजून मी केस वर बांधून घराबाहेर पडत नाही. घामाने मान चिकचिकली तरी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, झाकल्या कानांचा भाव कुणी सांगत नाही. आणि ही बाई मुलीला स्वतःवर प्रेम करायला शिकवणार!

पण खरंच, मी का आणलं ते पुस्तक? तिच्यासाठी आणलं असं म्हणत होते.

आत्ता उठून शेल्फमधून ते परत काढलं. पानं मोजली. ३२. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांचीच असतात, मोठा कागद छापून घड्या घालतात त्याचा तो हिशेब. उंदीर २४व्या पानावर रडतो आणि २८व्या पानावर बरा होतो. चार पानांत! मला चाळीस वर्षं पुरली नाहीत.

बाकीची पुस्तकंही मग तशाच नजरेने बघितली. अँडरसनचं कुरूप पिल्लू १८४३ मधलं. त्याला आपण इतकी वर्षं धीराची गोष्ट म्हणतोय, आणि शेवटी ते हंस निघतं. म्हणजे बदक म्हणून ते कुरूपच राहिलं की! सांताच्या गाडीचं लाल नाकाचं हरीण १९३९ चं. धुक्यात नाकाचा दिवा झाला म्हणून बाकीची हरणं गोड बोलायला लागली. धुकं पडलंच नसतं तर? आमच्या उंदराचं तेच. कान कामाला आले म्हणून कान माफ. पाच वर्षांच्या पोरीला ते बरोबर कळलं, म्हणून तर विचारलं तिने, मला काय ऐकू येतं.

ठिगळाठिगळांचा एल्मर त्यातल्या त्यात बरा. हत्ती, १९६८ चा. करडा रंग फासून घेतो, पावसात तो धुऊन जातो, की झालं. त्याच्या रंगांचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

आणि फर्डिनांड. बैल, १९३६ चा. बाकीचे वासरू-बैल टकरा घेतात, हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. त्याच्या आईला काळजी वाटते, एकटा पडेल की काय. ती त्याला विचारते. तो सांगतो, मला इथेच बरं वाटतं. ती बघते, पोरगा खरंच एकाकी नाहीये, आणि त्याला तिथेच बसू देते. बस्स. हे किती वेळा वाचलंय मी, बैलाचा आवाज काढून काढून, आणि त्या आईवर कधी थांबले नाही. तिने आधी विचारलं. मग ऐकलं. मग गप्प बसली. गाय असून.

मी विचारलंच नाही. सरळ पुस्तक आणलं.

ताईला फोन करावासा वाटला होता, पण ती आईचाच विषय काढेल. नको.

बारा वाजून गेले.

*

सकाळी. शाळेच्या गडबडीत दोनच ओळी.

उठली ती फुरंगटूनच. "मांजर आलंच नाही." मग बूट घालता घालता यादी दिली. फ्रिज मध्येच घुंघुं करतो आणि मग दचकल्यासारखा थांबतो. बाबा घोरतात, पण एका नाकपुडीने. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी काहीतरी पडलं, गोल होतं, घरंगळत गेलं. "आणि तू एकटीच माझं पुस्तक वाचलंस. मला न सांगता. पानं वाजत होती."

मधे दार होतं. लोटलेलं. आणि मी पानं दोन बोटांनी, अगदी जपून उलटत होते.

कान मोठे आहेत, थोडेसे नाहीत. यापुढे ह्या घरात कपाटामागे लपून चॉकलेट खायची सोय राहिली नाही, हे मात्र आजच ह्याच्या कानावर घातलं पाहिजे.