टाचणवहीत आलेली ‘बाकी’

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात असलेल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी पाचवीला गणित शिकवते. दसरा उलटला की गावातील निम्म्याहून अधिक घरांना कुलूप लागते. टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. काही मुले आजी-आजोबांजवळ राहून हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळेत टिकतात, उरलेली आईवडिलांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, जातात. अशा वर्गासाठी पाठाचे टाचण काढायला शिकण्यात माझी तीन वर्षे गेली.

सुरुवातीची माझी टाचणे निर्दोष असत. घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, साहित्य, मूल्यमापन हे सर्व रकाने मार्गदर्शिकेवरून सुवाच्य अक्षरात भरलेले असत आणि तपासणीत त्यांवर कधी लाल रेघ आली नाही. वर्गात मात्र भागाकार सुरू झाला की शेवटच्या दोन रांगा खिडकीबाहेर पाहू लागत. ज्ञानाची शाळेबाहेरील जीवनाशी सांगड घालावी, हे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मधील पहिलेच मार्गदर्शक तत्त्व मी प्रशिक्षणात पाठ केले होते. म्हणून मी शाब्दिक उदाहरणांतील आंबे काढून तेथे उसाच्या मोळ्या घातल्या आणि काम झाले असे समजले. ‘एका मोळीत 100 ऊस, तर 12 मोळ्यांत किती?’ असे फळ्यावर लिहिताच वर्ग हसला. एका मुलाने विचारले, “बाई, एवढी मोळी डोक्यावर कोण घेईल?” गुणाकार बरोबर होता, पण मोळी मी कधी उचललेली नव्हती आणि त्या मुलाच्या आईने रोज उचललेली होती.

त्यानंतर टाचण काढण्यापूर्वी मी विचारू लागले. सुट्टीत गावी असलेल्या पालकांशी, विशेषतः आयांशी, बोलून कामाचा क्रम लिहून घेतला. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते आणि ती टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडली जाते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून वरखर्चाला पैसे मिळतात. कामावर न गेल्यास खाडा पडतो. मी वर्षभर शिकवत असलेले मापन, गुणाकार, वजाबाकी आणि भागाकार या माहितीत आधीपासूनच होते. जोतीराव फुले यांनी 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचवले होते, हे मी पूर्वी परीक्षेपुरते वाचले होते. आता ते पुन्हा काढून सावकाश वाचले.

मग मी भागाकाराचा पाठ नव्याने बेतला. हिशेब सोपा जावा म्हणून उचल 60,000 रुपये, दर टनाला 300 रुपये आणि एका कोयत्याचे दिवसाचे काम 2 टन धरले. कोणाच्या घरावर किती उचल आहे हे विचारायचे नाही, असे टाचणातच ठळक लिहून ठेवले, कारण आदल्या वर्षी मी ते विचारून बसले होते आणि एक मुलगी पुढचे दोन दिवस शाळेत आली नव्हती. मुलांचे जगणे वर्गात आणायचे म्हणजे त्यांचे घर सर्वांसमोर उघडे करायचे नव्हे, हे मला त्या चुकीमुळे कळले. म्हणून कोयता काल्पनिक ठेवला.

भागाकाराची मांडणी एरवी कधीच न जमलेल्या एका मुलीने वहीत दहा दिवसांचे 6,000 असे धरून दहा वेळा मिळवले आणि शंभर दिवस असे उत्तर काढले. तेवढ्यात मागून प्रश्न आला, “कारखाना नव्वद दिवसांतच बंद झाला तर?” मुलांनी पुन्हा हिशेब केला: 54,000 फिटले, 6,000 राहिले. “म्हणजे बाकी. ती पुढच्या साली,” असे तो मुलगा सहजपणे म्हणाला. हा शब्द मुले पहिलीपासूनच्या गणितात ऐकत आली होती, पण तो त्यांच्या घरातही रोज बोलला जातो हे माझ्या ध्यानात आले नव्हते. अर्थात मुकादमाकडील बाकी आणि भागाकारातील बाकी गणिताच्या दृष्टीने एक नव्हेत. तो फरक स्पष्ट करण्यात पुढची संपूर्ण तासिका गेली आणि ती तासिका मला वाया गेली असे वाटत नाही.

वार्षिक नियोजनातही एक बदल केला. वजनमापनाचा घटक मी सप्टेंबरमध्ये घेते, म्हणजे जाणारी मुले किलो, क्विंटल आणि टन शिकूनच निघतात. गेल्या वर्षी निघालेल्या सात मुलांना शिक्षण हमी पत्रकासोबत (ते दाखवून मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते) एकेक वही दिली आणि रोज दिसेल ते मोजून लिहा असे सांगितले. पाडव्यानंतर दोनच वह्या परत आल्या, त्यांतली एक भिजलेली होती. दुसरीत तारखांपुढे मोळ्यांची संख्या होती आणि फेब्रुवारीतील सलग चार दिवसांपुढे केवळ ‘खाडा, आई आजारी’ असे लिहिले होते. त्या पानावरून मी वर्गात काहीही सोडवून घेतले नाही.

आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत हे मांडले तेव्हा अशाने अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार, असा प्रश्न आला. तो रास्त आहे. माझा एक घटक मागे राहिलाच होता आणि तो मी एप्रिलमध्ये घाईने उरकला.

यंदाच्या टाचणवहीत मी ‘मुलांकडून’ असा एक रकाना वाढवला आहे आणि तो पाठ संपल्यावरच भरते. काल वजाबाकी घेताना कारखान्याच्या काट्यावर आधी रिकाम्या गाडीचे वजन करतात असे मी सांगितले, तेव्हा तीन हात एकदम वर आले. भरलेली गाडी आधी काट्यावर चढते, ऊस खाली केल्यावर रिकामी गाडी पुन्हा चढते, आणि पहिल्यातून दुसरे वजा करतात. रकान्यात मी तसेच लिहिले आणि उद्याचे उदाहरण बदलले.