सुम्मा वाचायला घेतली, माझा अनुभव

मी ख्रिस्ती नाही, तत्त्वज्ञानाची डिग्री पण नाही, पण मध्ययुगातले हे लोक देवाबद्दल नक्की कसा विचार करायचे ते खूप दिवसांपासून समजून घ्यायचं होतं, म्हणून तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस याची सुम्मा थिओलॉजिए, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या रूपातला त्याचा धर्मशास्त्रावरचा मोठा ग्रंथ, इंग्रजी भाषांतरातून घेतली आणि सरळ पहिल्या पानापासून सुरू केली. तिथेच चुकलं. पाचशेच्या वर प्रश्न आहेत त्यात, कादंबरीसारखं वाचून चालतच नाही.

त्यात मांडणीच कळेना. "देव आहे का" या प्रश्नाखाली सुरुवातच अशी की देव नाही असं दिसतं. दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, अरे हा तर पूर्वपक्ष! आपल्या शास्त्रग्रंथांत आधी समोरच्याचं म्हणणं मांडतात आणि मग खोडतात ना, अगदी तसंच. आधी आक्षेप, मग "याउलट" म्हणून एखादं आधारवचन, मग थॉमसचं स्वतःचं उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचं निरसन. तेव्हापासून मी आधी मधलं उत्तर वाचतो, मग वरचा आक्षेप, मग खाली त्याचं निरसन, आणि एका बैठकीत एकच. आक्षेप पण लुटुपुटीचे नसतात हं, देव म्हणजे अनंत चांगुलपणा असेल तर जगात वाईट उरायलाच नको होतं पण ते तर आहे, हा आक्षेप त्याने अजिबात पातळ न करता पहिलाच ठेवलाय.

मधे महिनाभर सुम्मा बाजूला ठेवून थॉमसच्या आधीच्या अ‍ॅन्सेल्म या ख्रिस्ती विचारवंताचं प्रोस्लोगिऑन वाचलं, १०७७-७८ च्या सुमाराचं, छोटंसं आहे, नवीन माणसाने खरं तर इथूनच सुरू करावं. त्याचं म्हणणं असं की ज्याच्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही तो देव, आणि असा देव नुसता मनात असून चालणार नाही, तो खरंच असला पाहिजे. गॉनिलो नावाच्या एका मठवासीयाने त्याला विचारलं की मनात सर्वांत परिपूर्ण बेट कल्पिलं म्हणून काय ते बेट खरंच असेल? आणि अ‍ॅन्सेल्मने ती टीका आणि आपलं उत्तर दोन्ही मूळ ग्रंथाला जोडून ठेवायला सांगितलं. मला हे फार भावलं.

परत सुम्मा घेतली तेव्हा थॉमसने ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलकडून घेतलेले "शक्यता" आणि "प्रत्यक्षता" हे शब्द आडवे आले. लाकडात गरम होण्याची शक्यता असते, आग ती प्रत्यक्षात आणते, हे थॉमसचंच उदाहरण वहीत लिहून घेतलं तेव्हा कुठे जमायला लागलं. दुसरं उदाहरण काठीचं, हात हलवतो तेव्हाच काठी हलते. थॉमस देवाला "पहिलं कारण" म्हणतो ते मी काळाच्या सुरुवातीला कुणीतरी दिलेला धक्का समजत होतो, पण हात आणि काठी तर एकाच वेळी हलतायत, हात थांबला की काठी थांबली! म्हणजे प्रश्न आत्ता, या क्षणी कशाच्या आधारावर सगळं उभं आहे असा आहे.

आता ४६ व्या प्रश्नावर आलोय. तिथे तो स्पष्ट म्हणतो की जगाला सुरुवात आहे हे श्रद्धेने मानायचं, तर्काने सिद्ध होत नाही. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलीय आणि चार दिवस त्याच पानावर आहे.