तीन फांद्यांना नकार

झाड छाटायला बोलावलेल्या त्या बाई आमच्या मागच्या अंगणात आल्या, मान वर करून दहा मिनिटं काही न बोलता उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाकीचं झाड मी करून देते. या तीन फांद्यांना मात्र हात लावणार नाही."

मला राग आला. पैसे मी देतेय, झाड माझं, अंगण माझं, आणि ज्या फांद्यांसाठी बोलावलं त्याच सोडून बाकी सगळं करणार? मग बोलावलं कशाला? वाऱ्याच्या रात्री त्याच फांद्या तारांना घासायच्या आणि घरातले दिवे लुकलुकायचे. धाकटी झोपेतून उठून आमच्या खोलीत यायची. बाकी झाडाने आम्हाला काहीच त्रास दिला नव्हता.

आम्ही ओहायोत क्लीव्हलँडजवळ राहतो. इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये विजेचे खांब बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडेने जात नाहीत, घरांच्या मागून, दोन अंगणांच्या कुंपणावरून जातात. आमच्या कुंपणाला लागून सिल्व्हर मेपल आहे. भराभर वाढणारं झाड, लाकूड ठिसूळ. कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी सावलीसाठी लावलं असणार, आणि तेव्हा ते तारांच्या खूप खाली असणार.

या बाईंच्या आधी दोघे येऊन गेले होते. दुसऱ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, त्याने नंतर फोनच उचलला नाही. पहिला मात्र मला आवडला होता. हसतमुख, बोलका. झाडाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, शनिवारी येतो, साडेचारशे डॉलर, रोख. तारांचं विचारलं तर म्हणाला, "असली शेकडो झाडं केलीत." मला तो आपल्यातला वाटला. काम समजणारा, उगाच बाऊ न करणारा. मी जवळपास हो म्हटलंच होतं.

माझे काका लाईनमन होते. तीस वर्षं खांबावर काढली, आता निवृत्त आहेत. रविवारच्या फोनवर मी त्यांना हे सांगितलं आणि त्या माणसाच्या गाडीचा फोटो पाठवला, गाडीवरच्या पाटीवर त्याचा नंबर होता म्हणून काढलेला. काकांनी नंबराकडे पाहिलंच नाही. फोटो मोठा करून बघत होते, ते मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

"शिडी कसली आहे गं ती?"

"ॲल्युमिनियमची दिसतेय, काका."

"मग त्याला अंगणात घेऊ नकोस."

इतकंच. पुढे ते उसाच्या बिलाबद्दल बोलायला लागले.

तर तिसऱ्या या बाई. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेल्या आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञ. किंमत सोळाशे पन्नास डॉलर, आणि त्यातही त्या तीन फांद्या नाहीत. मी जरा चढ्या आवाजातच कारण विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि ते इथे सविस्तर लिहिते, कारण तोवर मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कामगार-सुरक्षेचा नियम आहे. विजेच्या कामाचं खास प्रशिक्षण नसलेल्या कामगाराने ५० हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या लाईनच्या १० फुटांच्या आत जायचं नाही. व्होल्टेज त्याहून जास्त असेल तर दर १० हजार व्होल्टला आणखी ४ इंच. आणि हे १० फूट नुसते माणसापासून मोजायचे नाहीत. हातातली करवत, करवतीचा लांब दांडा, सगळं त्यात आलं. त्या आत जाऊन झाड कापणारी माणसं वेगळी असतात. त्यांचं प्रशिक्षण वेगळं, माणसाला वर नेणाऱ्या बादलीची त्यांची गाडी इन्सुलेटेड म्हणजे वीज न वाहणारी, आणि किती जवळ जायचं याचं अंतर व्होल्टेजप्रमाणे ठरलेलं. या बाईंची माणसं त्या कामाची नव्हती. म्हणून नकार.

"आणि माझ्या नवऱ्याने तोडल्या तर?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, हा नियम मालकाने कामगारासाठी पाळायचा आहे, घरमालकाला तो लागत नाही. मग त्यांनी सगळ्यात वरच्या तारेकडे बोट दाखवलं. तिथे ७,२०० व्होल्ट आहेत. मला ती तार काळी दिसायची, म्हणून मी इतकी वर्षं समजत होते की तिच्यावर प्लॅस्टिक आहे. तिच्यावर काहीही नाही. उन्हापावसाने धातू काळवंडलाय एवढंच. त्या तारेखालीच आम्ही मुलांसाठी झोका बांधला होता.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वर एचटी, म्हणजे जास्त दाबाची, खाली एलटी, कमी दाबाची, त्याखाली केबलवाले. सगळीकडे तसंच असतं. तुला माहीत नव्हतं?" नव्हतं. लाईनमनच्या घरातली मुलगी, पण कधी वर बघितलंच नव्हतं. त्यांना उलट आमच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचं नवल वाटलं. एवढासा डबा, पाच-सहा घरांपुरता. आपल्याकडे एका डीपीवर अख्खी आळी असते. "म्हणजे फ्यूज उडाला तर पाचच घरं अंधारात. चांगलंय," म्हणाले.

मग कामाची वाटणी कळली. खांबापासून खांबापर्यंतच्या तारांजवळच्या फांद्या वीज कंपनीच्या, आणि त्या ती फुकट तोडते. खांबापासून घरापर्यंत येते ती सर्व्हिस वायर, तिच्याजवळच्या फांद्या आमच्या. पण तिथेही सांगितलं तर वीज कंपनी तार सोडून देते, झाडवाले काम करतात, मग ती परत जोडते. त्याचेही आम्हाला पैसे पडले नाहीत. म्हणजे पहिल्या माणसाला मी साडेचारशे डॉलर देणार होते त्यातलं सगळ्यात जिवावरचं काम फुकटात होणारं होतं. त्याने ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

विम्याचंही तसंच. ओहायोत कामगारांच्या अपघाताचा विमा राज्य सरकारच चालवतं, तो खासगी कंपनीकडून विकत घेता येत नाही. त्यामुळे एखाद्या ठेकेदाराने तो भरलाय की नाही हे सरकारच्या वेबसाइटवर बघता येतं. या बाईंचा होता. नुकसानभरपाईचं दुसरं प्रमाणपत्र त्यांनी स्वतः दिलं नाही, विमा कंपनीकडून थेट माझ्या ईमेलवर यायला लावलं. "माझ्या हातून आलेला कागद तुम्ही धरू नका," म्हणाल्या. पहिल्याकडे मी तोच कागद मागितला तेव्हा पाठवतो म्हणाला, तो अजून आलेला नाही.

आता मला एक गोष्ट लिहायचीच आहे. ती लिहावी की नाही यावर दोन दिवस गेले.

पाच वर्षांपूर्वी सुट्टीत माहेरी होते तेव्हा अंगणातला गुलमोहर मीच छाटून घेतला होता. आईने सांगितलेला माणूस आला, कोयता आणि दोर घेऊन. अनवाणी चढला. फांद्यांमधून एलटीच्या तारा गेल्या होत्या. मी खालून ओरडले, "तार आहे हं, जरा बघून." एवढी माझी काळजी. दोन तासांत त्याने काम संपवलं. एकेक फांदी दोराला बांधून अशी अलगद खाली सोडली की आईच्या तुळशीला धक्का लागला नाही. चहा दिला, पैसे दिले, दोन-पाचशे जास्तच दिले. काही झालं नाही.

त्या माणसाला कुणी अडाणी किंवा निष्काळजी म्हटलं तर मी भांडेन. त्याच्या हातात जे कसब होतं ते मी इथे बादलीत उभ्या माणसांतही पाहिलं नाही. त्याला बादलीची गाडी कुणी दिली नव्हती, हेल्मेट कुणी दिलं नव्हतं. नाही म्हणायची मुभाही नव्हती, कारण तो नाही म्हणाला असता तर मी दुसऱ्याला बोलावलं असतं. पण मला कसली अडचण होती? घाई नव्हती, पैशाची ओढाताण नव्हती. घरात काका होते. एक शब्द टाकला असता तर लाईन बंद घेऊन काम झालं असतं. तेव्हा सगळे तसंच करायचे, हे खरंच आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्याआधी लाईन बंद ठेवून फांद्या तोडतात तेव्हा दुपारभर पंखे नाहीत म्हणून आपणच कुरकुरतो, हेही खरं आहे. तरी मी खाली उभी होते आणि तो वर होता.

इथल्यांना हे शहाणपण उपजत आलं असं मात्र कुणी समजू नये. आमच्या शेजारच्या आजोबांनी १४ ऑगस्ट २००३ ची गोष्ट सांगितली. इथेच ओहायोत त्या दुपारी ३ वाजून ५ मिनिटं ते ३ वाजून ४१ मिनिटं एवढ्या वेळात ३ लाख ४५ हजार व्होल्टच्या तीन लाईन एकामागून एक झाडांना टेकून बंद पडल्या. त्यांच्यावर भार मर्यादेपेक्षा जास्त नव्हता. भार वाहणारी तार तापते, तापली की सैल होऊन खाली झोळते, आणि खालची झाडं वेळेवर छाटली नव्हती. त्यातच कंट्रोल रूममधल्या संगणकाची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बंद पडली होती, त्यामुळे तिथल्या माणसांना काही कळलंच नाही. चार वाजून गेल्यावर न्यूयॉर्कपासून कॅनडाच्या ओंटारिओपर्यंत सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. आजोबा म्हणाले, त्या रात्री या रस्त्यावरून आकाशगंगा दिसली. त्यानंतर २००५ मध्ये कायदा झाला आणि मोठ्या लाईनखालची झाडं छाटणं सक्तीचं झालं. आमच्या अंगणातल्या तारांना तो नियम नाही, पण फांद्यांकडे बघायची नजर तेव्हापासून बदलली असं आजोबांचं म्हणणं. आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रीड कोसळली, ती झाडांमुळे नाही. आणि महाराष्ट्रातले दिवे तेव्हा चालू होते. हे मी आजोबांना सांगितलं.

वीज कंपनीची माणसं मार्चमध्ये आली. सकाळी आधी सगळे गाडीजवळ गोल उभे राहिले, कुठली तार, किती व्होल्ट, कोण वर, कोण खाली हे एकाने सांगितलं, मग बादली वर गेली. लाईन चालूच होती. काकांना नंतर हे सांगितलं तर ते खरोखर चिडले. "चालू लाईनजवळ फांदी? आम्ही परमिट घेतल्याशिवाय खांबावर पाय ठेवला नाही. लाईन बंद, दोन्हीकडे अर्थिंग, मग हात." मी इन्सुलेटेड बादलीचं सांगितलं, प्रशिक्षणाचं सांगितलं. ऐकून घेतलं, पण पटलं नाही. मलाही सांगताना पूर्ण पटत नव्हतं.

आणि माणसं गेल्यावर झाड बघून मला रडू आलं. तारांसाठी मधोमध मोठी खाच, दोन्ही बाजूंना झाड शाबूत. मला वाटलं, यापेक्षा शेंडाच सारखा मारला असता तर बरा दिसला असता. बाईंनी मला काप जवळून दाखवला. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर कडी असते. काप बरोबर तिच्या बाहेर होता, कडी अख्खी. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती आतून भिंत घालतं आणि पुढे वाढतं. कडी कापली तर ती भिंत नीट उभी राहत नाही. आणि शेंडा मारला तर त्या जागी झपाट्याने कोवळे फुटवे येतात, वरच्या सालीला कसेबसे धरलेले, आणि पुढे तेच तारांवर पडतात. त्या कडीवरून मी बोट फिरवलं. ओलसर होती, मेपलचा पाझर लागला बोटाला.

पुढच्या आठवड्यात बाईंची माणसं सर्व्हिस वायरजवळच्या फांद्यांसाठी आली. समोरच्या ओकचं मी विचारलं तर त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. आता ऊब वाढत जाणार, उन्हाळ्यात ओकच्या ताज्या कापावर किडे बसतात आणि मर नावाचा रोग आणतात. ओक पुढच्या हिवाळ्यात. या वेळी मला राग आला नाही.

वीज कंपनीचा एक माणूस तार सोडायला आला होता. घरातली वीज गेली, वायफाय गेलं. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. मी मोबाईलच्या डेटावर काकांना व्हिडिओ लावला, कारण त्यांनी तसं बजावून ठेवलं होतं. खांबाकडून तार सुटून गवतावर आली. झाडवाला दोर खांद्यावर घेऊन उभा होता.

"थांब," काका म्हणाले. "त्याने टेस्टर लावून बघितलं का?"

मी फोन त्या माणसाकडे वळवला. तो भिंतीशी मीटरजवळ वाकला होता, हातात टेस्टर. एकदा बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, मग उठून झाडवाल्याला अंगठा दाखवला.

"हातमोजे आहेत," काका स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, "आता चढू दे त्याला."