कारणाचा रकाना

रविवार, रात्र

काल प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि आज आक्काचा फोन आला. दोन्हींचा काही संबंध असेल असं दुपारपर्यंत मनातही आलं नव्हतं.

"ग्यानबा, जेवलास का रं?" तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. मी हो म्हणालो. ऊस, गुडघे, तिच्या नातवाची परीक्षा, नेहमीचं बोलणं झालं. फोन ठेवून पाणी प्यायला उठलो आणि तांब्या हातातच राहिला. तिने मला ग्यानबा म्हटलं होतं. जन्मभर तेच म्हणत आलीय. आईही तेच म्हणायची.

आणि काल मी शपथेवर काय लिहून दिलंय? "लष्कराच्या सेवा अभिलेखात माझ्या नावाचे स्पेलिंग भरतीच्या वेळी लिपिकाच्या चुकीमुळे जी-वाय असे नोंदले गेले असून ते डी-एन-वाय असे वाचावे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे."

लिपिकाच्या चुकीमुळे. हे शब्द वकिलाने घातलेले नाहीत, मीच सांगितले. इतकी वर्षं हाच किस्सा सांगत आलोय: हिंदीवाला लिपिक होता, त्याला ज्ञ कळला नाही, ज्ञानेश्वरचा ग्यानेश्वर केला. कँटीनच्या रांगेत सांगितलाय, सोयऱ्यांत सांगितलाय, मुलांनी तर दहा वेळा ऐकलाय. सांगून सांगून तो खरा झाला होता.

खरंच तसं झालं होतं का?

1986. मैदानात चड्डीवर उभे आम्ही, छातीवर शाईने लिहिलेला नंबर, धावून आल्यामुळे घामाने पसरलेला. टेबलामागे लिपिक. त्याने मान वर न करता विचारलं, "नाम?" मी काय म्हणालो असेन? अठरा वर्षांचं पोर. तोवर शाळेच्या हजेरीखेरीज ज्ञानेश्वर म्हणून मला कोण हाक मारत होतं? घरात ग्यानबा, तालमीत ग्यानू. तात्या वारीला जायचे, तिथेही सगळी दिंडी "ग्यानबा-तुकाराम" म्हणतच चालायची. माउलीलाच ग्यानबा म्हणणाऱ्या गावात मी लिपिकापुढे ज्ञ नीट उच्चारला असेल? मला तर आता त्या मैदानातला माझाच आवाज ऐकू येतोय, आणि तो ग्यानेश्वर म्हणतोय. तो खरा की आत्ता रचलेला, कसं सांगू?

बरं, मी बोललो नसेन, त्याने शाळेचा दाखला बघून लिहिलं असेल. दाखल्यावर ज्ञ होता. आपण तो द्न्य वाचतो, हिंदीवाला ग्य वाचतो. ज्ञान म्हणजे त्याच्या तोंडी ग्यानच. त्याने त्याच्या भाषेत बरोबरच वाचलं आणि इंग्रजीत बरोबरच उतरवलं. म्हणजे कसंही धरलं तरी त्या माणसाची चूक सापडत नाही. त्याचा चेहरा मला आठवत नाही. आज असेल की नसेल. आणि मी मात्र स्टॅम्प पेपरवर, शपथेवर, त्याला चुकलेला ठरवून आलोय.

देवनागरीत तर भांडणच नाही. ज्ञ लिहा, ज्याला जसा वाचायचा तसा वाचेल. सगळं अडतं ते इंग्रजी अक्षरांत, आणि शीट रोल म्हणजे नोकरीच्या नोंदीचा कागद, डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, सगळं इंग्रजीतच. पेन्शन बँकेतून यायची तोवर कुणी विचारलं नाही. लष्कराच्या पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून आधारचं नाव आणि पीपीओचं नाव शेजारी शेजारी दिसायला लागलं आणि माझा धीर सुटला. माझं काय, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला मी हजर आहे. पण माझ्यामागे हिने तिच्या वाट्याचं, माझ्या शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, फॅमिली पेन्शन मागायला जायचं आणि समोरच्याने म्हणायचं, बाई, हा हवालदार तुमचा नवरा कशावरून? तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक इंग्रजी आणि एक मराठी, राजपत्र, मग सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे आमच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, अर्ज. तिथे नोंद बदलल्याची पार्ट टू ऑर्डर निघेल, मग प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून पीपीओचं शुद्धिपत्र. चोवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने, तो माणूस मीच, असं किती ठिकाणी म्हणत फिरायचं? काल वकिलाकडच्या बाकावर बसलो होतो तेव्हा फार एकटं वाटलं. कुणाशी बोललो नाही.

चूक होती तर तेव्हाच का नाही बोललास, असं उद्या कुणी विचारलं तर? एकदा बोललो होतो. जबलपूरला, ट्रेनिंगमध्ये, दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात. उस्ताद म्हणाले, "नंबर ठीक है ना?" नंबर ठीक होता. आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन. त्यानंतर विषय काढला नाही. खरं सांगायचं तर काढावासा वाटलाच नाही. रोल कॉलला ग्यानेश्वर, केबल टाकणाऱ्या लाइन पार्टीत ग्यानू. कारगिलच्या वेळी द्रासला ड्रम खांद्यावर घेऊन केबल ओढताना खालून ज्याने ग्यानू, बैठ जा म्हणून ओरडून

ते राहू दे.

संध्याकाळी पदकांची पेटी काढली. पदकं कडेवर धरून दिव्याखाली फिरवली. नंबर, हुद्दा, नाव. ऑपरेशन विजयचं, नऊ वर्षांच्या सेवेचं, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं, सगळ्यांवर जी-वाय. रेकॉर्ड ऑफिसने कितीही शुद्धिपत्रं काढली तरी धातूवरचं तसंच राहणार. सकाळी हे बघितलं असतं तर जिवाला लागलं असतं. आत्ता बघून बरं वाटलं. राहू दे, तिथे तेच नाव राहू दे.

ही मागे येऊन उभी होती. म्हणाली, "अहो, दोन अक्षरांसाठी दोन दिवस जेवण गोड लागेना तुम्हाला. माझं तर अख्खं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने लिहिलं. मला आधी कुणी सांगितलंही नव्हतं, तिथेच वाचलं मी."

ते नाव मीच सुचवलं होतं. वहिनींनी विचारलं, मला आवडत होतं, मी सांगितलं. हिचे कागद बघा: आधार, पॅन, माझा शीट रोल, पीपीओ, सगळीकडे एकच नाव, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. रेकॉर्डमध्ये बिनचूक आहे ती हीच.

मी विचारलं, "आधीच्या नावाने कोण हाक मारतं गं आता?"

"आई मारायची," म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली.

त्यावर मला काही बोलता आलं नाही. पण छातीवरचं ओझं हललं एवढं खरं. दोन नावांनी जगता येतं, ही चौतीस वर्षं माझ्यासमोर तेच करतेय आणि मी आज बघतोय. आक्काच्या तोंडचं नाव कुठल्याच कागदावर नाही, म्हणून तिची हाक खोटी पडत नाही. अर्ज मी मागे घेणार नाही. हिच्यासाठी तो लागणारच. आधारवर आहे ते रेकॉर्डला लागू दे.

फक्त कारणाचा रकाना तसा ठेवायचा नाही. वकील कुरकुर करेल, नवीन स्टॅम्प पेपर लागेल, जाहिरातीचा मजकूर छापायला गेला नसला म्हणजे मिळवली. उद्या दहाला तिथे जाऊन बसतो. मजकूर आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर सकाळी पुन्हा तोच किस्सा तोंडात येईल:

"भरतीच्या वेळी अर्जदाराच्या नावाचा उच्चार जसा होता तसा नोंदला गेला."