सव्वीस हिसक्यांवरून दोनवर

मंडळी, जुन्या आउटबोर्डचा (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचा) किस्सा एकदाचा मार्गी लागला, म्हणून सविस्तर लिहितोय. इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा हॉर्सपॉवर, फ्लायव्हीलखाली (वरच्या जड चाकाखाली) पॉइंटवाली मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या जोरावर ठिणगी बनवणारी यंत्रणा; पॉइंट म्हणजे तिच्यातले उघडझाप करणारे संपर्क. वरचं झाकण उन्हानं इतकं विटलंय की कंपनीचं नाव वाचता येत नाही. तक्रार एकच. सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, पण एकदा चालू झालं की दिवसभर एका हिसक्यात उठतं.

हे शेवटचं वाक्य मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं. लिहिलं आणि विसरलो.

पहिल्या सकाळी काहीही न उघडता नुसतं मोजायचं ठरवलं. उघड्यावर पिंप ठेवलं, पंखा काढून ठेवला आणि पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर येईल इतकं भरलं. (कोरडं चालवू नका, पंपाचा रबरी इंपेलर काही सेकंदांत जळतो.) चोक (कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवा अडवणारी पाकळी) पूर्ण ओढून दोरी ओढायला लागलो. दहाव्या हिसक्याला थांबून ठिणगी टाकणारे प्लग काढले. दोन्ही कोरडे ठणठणीत. प्लग ओले असते तर आधी ठिणगीवर संशय घेतला असता. कोरडे म्हणजे पेट्रोल आतपर्यंत पोचतच नाही. खात्री करायला प्लगच्या भोकातून चमचाभर पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आत सोडलं, प्लग लावले, ओढलं. पहिल्याच हिसक्याला पेटलं, तीन सेकंद गुरगुरलं, बंद. पुन्हा ओढत राहिलो. सव्विसाव्याला चालू.

इथे एक अडचण सांगायलाच हवी. थंड इंजिनाचा रोग असेल तर थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. सकाळी एक प्रयोग केला की संपलं, पुढचा उद्या. त्यामुळे मोह होतो की आज तीन गोष्टी एकदम बदलून टाकाव्यात. मी तो मोह आवरला म्हणून निदान आकडे तरी खरे मिळाले. एका दिवशी एकच बदल, आणि हिसके मोजायचे.

आधी पेट्रोलची नळी आणि तिच्यावरचा हातानं दाबायचा रबरी फुगा पाहिला. फुगा बाण वरच्या बाजूला धरून दाबला, चार-पाच दाबांत कडक झाला आणि कडकच राहिला. जोडाला कुठे ओल नाही, बुडबुडे नाहीत. म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येतंय.

मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर. फ्लोटच्या वाटीत तळाला मधासारखा चिकट थर, जुन्या पेट्रोलचं वार्निश. पायलट जेट (मंद वेगाला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) उजेडासमोर धरला तर भोक दिसेच ना. तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये रात्रभर बुडवला, सकाळी हवा मारली, आणि टाचणीच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला. पाहून फार बरं वाटलं. गॅसकेट नवं घातलं. ताजं पेट्रोल, या इंजिनाला ५०:१ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल.

दुसऱ्या सकाळी १४ हिसके.

निम्म्यावर आलं, पण गेलं नाही. मग काय, पुन्हा उघडला. आणि परत एकदा. तीनदा कार्ब्युरेटर टेबलावर आला, तीनदा चोकची पाकळी बोटानं ढकलून पाहिली, छान घट्ट बसत होती. तीनदा परत चढवला. १४, १३, १५.

तेव्हा मोर्चा ठिणगीकडे वळवला. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि दोन्ही प्लग काढून. वरच्यात ९५ पीएसआय, खालच्यात ९२. वयाच्या मानानं उत्तम, शिवाय दोघांत फरक नगण्य, तेव्हा हा विषय मिटला. स्पार्क टेस्टरची फट ६ मिमी ठेवली. वरच्या सिलिंडरची ठिणगी निळी आणि कडकडीत. खालच्याची पिवळट, अधूनमधून दांडी मारणारी.

फ्लायव्हील काढायला कडेला पकडणारा पुलर वापरू नका, मधल्या तीन आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून ओढायचा तो वापरा. नट पूर्ण काढायचा नाही, शाफ्टच्या टोकाशी समपातळीत ठेवायचा, म्हणजे आटे वाचतात. टक्क आवाज येऊन फ्लायव्हील सुटलं. फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी धरणारी अर्धचंद्राची चावी धड होती. ती थोडी जरी कापली गेली असती तर टायमिंगच सरकलं असतं.

खालच्या सिलिंडरच्या पॉइंटची फट हवी ०.५ मिमी, फिलर गेज सांगत होता जेमतेम ०.३. कारण शेजारीच दिसलं. कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टवरच्या उंचवट्याला) तेल पुसणारा नमद्याचा तुकडा सुकून कडक झालेला. कोरड्या कॅमवर घासून घासून पॉइंटची त्यावर टेकणारी टाच झिजली, टाच झिजली की फट कमी होते, मग पॉइंट उशिरा उघडतात, आणि ज्या क्षणी चुंबकाचा जोर सगळ्यात जास्त असतो तो क्षण निसटतो. फ्लायव्हील वेगात असेल तर हे खपून जातं. दोरीच्या वेगाला नाही. दोन्हीकडे नवे पॉइंट घातले, फट जुळवली, स्वच्छ कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून तेलकटपणा काढला. नमद्याला ग्रीसचं बोट लावलं, पण बोटच. जास्त लावलं की उडून पॉइंटवर बसतं. शाफ्टचा उतार कोरडा पुसून फ्लायव्हील बसवलं, नट टॉर्क रेंचनं.

आता दोन्ही ठिणग्या सारख्या निळ्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

सकाळी ९ हिसके.

त्या सकाळी वही उघडून पहिलं पान वाचलं. गरम असताना एका हिसक्यात उठतं. गरम इंजिनाला काय लागत नाही? चोक. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि पेटते ती वाफच, म्हणून जास्तीचं पेट्रोल ओढून घ्यायला चोक लागतो. गरम इंजिन चोकशिवायच चालतं, म्हणून तिथं रोग दिसतच नव्हता. आणि प्लग तर पहिल्या दिवसापासून कोरडे होते.

हवेच्या तोंडावरचं झाकण काढलं, टॉर्च लावला आणि पुढून चोकची मूठ ओढली. पाकळी फिरली आणि तीन-चतुर्थांश वाटेवर थांबली. कडेला पेन्सिल जाईल एवढी फट. मुठीपासून पाकळीपर्यंत जाणारी तार जिथे अडकते ते भोक झिजून लांबट झालेलं, त्यामुळे मूठ शेवटपर्यंत येते पण पाकळी येत नाही. टेबलावर मी बोटानं ढकलायचो, बोटानं ती पूर्ण मिटायचीच. मूठ बिचारी इंजिनावर राहायची. साप साप म्हणून भुई धोपटली ती तीन आठवडे.

दोरीच्या वेगाला इंजिनाची ओढ क्षीण असते. चोक घट्ट मिटला तर ती सगळी ओढ जेटवर लागते. फट राहिली तर हवेला सोपी वाट मिळते, पेट्रोल जागचं हलत नाही. दुरुस्ती म्हणाल तर पक्कडीनं तारेला मधे झेडसारखी एक घडी घातली, तेवढीच तार आखूड झाली. पाच मिनिटं.

पुढच्या चार सकाळी: २, २, ३, २.

त्यातला तीनवाला माझ्या जुन्या सवयीचा. पहिल्या फुसकुल्यानंतरही चोक पूर्ण ओढलेलाच ठेवला आणि प्लग भिजवले. काढून पुसावे लागले. आता पहिली फुसफुस ऐकली की चोक निम्म्यावर.

जेट साफ केल्याचं आणि पॉइंट बदलल्याचं वाईट वाटत नाही, दोन्ही कामं खरोखरच हवी होती. पण क्रम उलटा लावला असता तर पहिल्याच दिवशी किती हिसक्यांत उठलं असतं, हे आता कधीच कळणार नाही, आणि ते मला थोडं टोचतं.

पाचव्या सकाळी दुसऱ्या हिसक्याला इंजिन चालू झालं आणि दोरीची मूठ माझ्या हातात राहिली. इतके दिवस ओढून दोरी मुठीशीच विरली होती, उरलेली सर्रकन आत गेली. पुढची नोंद दोरी आणि रिकॉइलच्या (दोरी परत गुंडाळणाऱ्या) स्प्रिंगची. ती स्प्रिंग उघडताना तोंडावर न उसळू देण्याची कुणाकडे खात्रीची युक्ती असेल तर सांगा, तोवर झाकण उघडत नाही.