षट्कोन आणि दोन त्रिकोण

गेल्या वर्षी पहिल्यांदा गणिताच्या कॉन्फरन्सला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी वहीची चौदा पानं भरली. फळ्यावर जे जे पडत होतं ते सगळं उतरवत होते. रात्री खोलीवर येऊन वही उघडली, तर माझ्याच अक्षरातलं एक पानही मला लागेना. पीएचडीला आठ महिने झाले होते, कोर्सवर्कमध्ये मार्क चांगले होते, आणि इथे पन्नास मिनिटांच्या टॉकमधली पहिली सात-आठ मिनिटं सोडली तर काहीच कळलं नव्हतं. त्या रात्री खरंच रडू आलं.

मी गाइडना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "अगं, माझ्या विषयाबाहेरचा टॉक असला की पंधराव्या मिनिटानंतर मलाही कळत नाही. तू सगळं उतरवत कशाला बसतेस? पेपर नंतर वाचता येतो. उद्या एक लहानसं उदाहरण घेऊन बस. प्रत्येक थिअरम त्याच्यावर लावून बघ."

हा सल्ला किती मोलाचा होता ते दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ही पोस्ट त्यासाठीच लिहितेय.

माझं काम ग्राफच्या आयगेनव्हॅल्यूंवर आहे. ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. त्याचं मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, मांडायचं, दोन बिंदू जोडलेले असतील तिथे १, नसतील तिथे ०. या तक्त्यातून निघणारे काही खास आकडे म्हणजे आयगेनव्हॅल्यू, आणि ग्राफ कसा जोडलेला आहे ते त्यांवरून बरंच कळतं. मी सहा बिंदू घेतले. ते षट्कोनात जोडले तर आयगेनव्हॅल्यू येतात २, १, १, −१, −१, −२. त्याच सहा बिंदूंचे दोन सुटे त्रिकोण केले तर येतात २, २ आणि चार वेळा −१. दोन्हीकडे प्रत्येक बिंदूतून दोनच रेषा निघतात. वहीच्या एका पानावर ही दोन चित्रं काढली, खाली आकडे लिहिले आणि तेच पान उघडं ठेवून बसले.

सकाळचा दुसरा टॉक रँडम वॉकवर होता. बिंदूवरून बिंदूवर मनाला येईल तसं चालत राहायचं. किती पावलांनी चालणारा कुठेही असण्याची शक्यता सारखी होते, हा प्रश्न. वक्ते "ग्राफ जोडलेला आहे असं धरू" म्हणून पुढे गेले. मी पानाकडे बघितलं. त्यांच्या सूत्रात पहिल्या दोन आयगेनव्हॅल्यूंमधलं अंतर छेदात होतं. षट्कोनात ते १. दोन त्रिकोणांत ०.

हात वर करायला मला बराच वेळ लागला. तोंडात वाक्य जुळवून ठेवलं होतं तरी आवाज कापरा निघाला. "सर, ग्राफ जोडलेला नसेल तर छेदात शून्य येतं का?" ते थांबले. खडू उचलून फळ्याच्या कोपऱ्यात दोन सुटे गोळे काढले आणि म्हणाले, "बरोबर. एका गोळ्यात सुरू झालेला दुसऱ्यात कधी जाणारच नाही, म्हणून शून्य. आणि दोन गोळ्यांमध्ये एकच बारीक पूल असेल तर अंतर शून्य नसतं, पण अगदी लहान असतं." त्या एका वाक्याने अख्खा टॉक उघडला. पुढची वीस मिनिटं मी जवळजवळ सलग समजून ऐकली. नंतर दोन जण येऊन म्हणाले, की हेच त्यांनाही विचारायचं होतं.

चहाच्या वेळी धीर करून वही घेऊन सरांकडे गेले. षट्कोनात बिंदूंना एकाआड एक काळा-पांढरा रंग दिला, तर काळ्यावरून निघालेला सम पावलांनंतर काळ्यावरच असतो. मग शक्यता सारखी कशी होईल? त्यांनी माझ्याच पानावरच्या −२ वर बोट ठेवलं. "हा तो आहे. असा काळा-पांढरा रंग जमतो तेव्हाच हा −२ येतो. म्हणून आम्ही चालणाऱ्याला आळशी करतो. प्रत्येक वेळी निम्म्या शक्यतेने तो जागीच थांबतो." ही युक्ती टॉकमध्ये अर्ध्या ओळीत येऊन गेली होती. मला ती चहाच्या टेबलावर कळली.

चहाला टाळू नका, हे मी म्हणूनच सांगते. १९७२ मध्ये ह्यू मॉन्टगोमेरी नावाचा तरुण गणिती रीमन झीटा फलनाच्या शून्यांमधल्या अंतरांवर काम करत होता. हे फलन मूळ संख्यांशी जोडलेलं आहे, आणि ते जिथे शून्य होतं त्या जागा म्हणजे त्याची शून्यं. प्रिन्स्टनमध्ये चहाच्या वेळी गणिती सर्वदमन चौला यांनी त्याची भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांच्याशी ओळख करून दिली. मॉन्टगोमेरीने आपलं सूत्र सांगितलं आणि डायसन यांनी ते लगेच ओळखलं. रँडम मॅट्रिक्सच्या (आकडे यदृच्छेने भरलेल्या, अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या) आयगेनव्हॅल्यूंमधली अंतरं त्याच सूत्राने वागतात! मूळ संख्यांचा अभ्यास आणि अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्यांचा अभ्यास यांच्यातला दुवा त्या चहात सापडला.

बाकी थोडक्यात. विद्यार्थ्यांसाठी प्रवासखर्चाची मदत बऱ्याच ठिकाणी असते, पण अर्जाची मुदत काही महिने आधीच संपते. मला ते मुदत उलटल्यावर कळलं. "तुम्ही कशावर काम करता?" हे तीन दिवसांत वीस वेळा विचारलं जातं, त्याचं दोन वाक्यांचं उत्तर तोंडपाठ असू द्या. आणि सगळे टॉक ऐकायलाच हवेत असं नाही. दुपारचा एक सोडून अंगणात बसून सकाळच्या टॉकचं गणित केलंत, तर तो वेळ वाया गेला असं मी मानत नाही.

यंदा माझा स्वतःचा वीस मिनिटांचा टॉक होता. पहिल्या मसुद्यात एकतीस स्लाइड होत्या. १९०० मध्ये पॅरिसला गणिती हिल्बर्ट यांनी छापील लेखात गणितातले २३ प्रश्न दिले, पण भाषणात त्यांतले १०च मांडले, हे आठवलं आणि स्लाइड बारावर आणल्या. दोन लेमा (मुख्य थिअरमला मदत करणारी छोटी विधानं) आणि एक अख्खं प्रूफ गेलं, त्याचं वाईट वाटलं. षट्कोन ठेवला.

टॉक संपल्यावर पहिल्या वर्षाचा एक मुलगा जिन्यापाशी उभा होता. वहीत षट्कोन उतरवून घेतलेला. "ताई, सातवा बिंदू घातला तर?"

आम्ही पायरीवरच बसलो. काळा-पांढरा रंग देऊन बघितला. सातव्या बिंदूपाशी अडलं, दोन शेजारी एकाच रंगाचे झाले. मग त्याने मोबाइलवर आयगेनव्हॅल्यू काढल्या आणि सर्वांत लहान कोणती ते शोधलं. −१.८० आली. −२ नव्हती.